शिल्के ५१डी, मोठा शँक: काही महिने वाजवल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकते. चार व्हॉल्व्हचं, कॉम्पेन्सेटिंग (व्हॉल्व्ह एकत्र दाबल्यावर चढणारा सूर जादा नळीने सावरणारं), मोठ्या रिसीव्हरचं (माउथपीस बसतो ती नळी) युफोनियम, म्हणजे ट्यूबाच्या कुळातलं पण लहान पितळी वाद्य, असेल आणि बँडमध्ये बसून दोन-दोन तास वाजवायचं असेल, तर शिल्के कंपनीचा ५१डी माउथपीस घेऊन सहसा कुणी फसत नाही. नुसत्या आवाजाच्या श्रीमंतीत डेनिस विकचा एसएम३ त्याच्या पुढे आहे, असं मला आजही वाटतं. तरी रोज बॅगेतून बाहेर निघतो तो ५१डीच. असं का, ते लिहिते.

पण मॉडेलच्या आधी शँक, म्हणजे माउथपीसची वाद्यात जाणारी दांडी, बघा. युफोनियमचे रिसीव्हर तीन मापांत येतात: छोटं (टेनर ट्रॉम्बोनवालं), मधलं (याला युरोपियन शँकही म्हणतात) आणि मोठं (बास ट्रॉम्बोनवालं). यामाहाच्या वायईपी-३२१ला छोटा लागतो, जुन्या बेसनना मधला, आणि आजच्या बहुतेक कॉम्पेन्सेटिंग वाद्यांना मोठा. छोटा शँक मोठ्या रिसीव्हरमध्ये घातला की तो खूप आत जातो आणि डगमगतो. मोठा शँक मधल्या रिसीव्हरमध्ये जेमतेम टोकाशी अडकतो, मग सगळंच वाद्य उतरतं आणि सूर जागेवर बसत नाहीत. अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण त्यांनी माउथपीसचं टोक आणि पुढची नळी यांतलं अंतर बदलतं. चार दिवस चालवून घ्यायला ठीक, कायमचा उपाय म्हणून नको.

नावांवर इथे विसंबून चालत नाही. विकच्या नावात शेवटचं एल म्हणजे मोठा शँक, एस म्हणजे छोटा आणि वाय म्हणजे मधला. बाख कंपनीच्या ६½एएलमधल्या एलचा मात्र शँकशी काही संबंध नाही, तो छोट्यातही मिळतो आणि मोठ्यातही. ५१डीचंही तसंच, म्हणून मागवताना शँक वेगळा लिहून द्यायचा. आकड्यांची गंमत आणखी निराळी: बाख आणि विककडे आकडा लहान तितका कप (माउथपीसची वाटी) रुंद, शिल्के आणि यामाहाकडे बरोबर उलट.

मी आधी ६½एएल वाजवत होते. त्याच्या कपाचा आतला व्यास २५.४० मिमी, बाखच्याच ५जीचा २५.५०, ४जीचा २६.००. कागदावर हे फरक हास्यास्पद दिसतात, पण ओठांना मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा कळतो. ५१डीचा व्यास साडेपंचवीसच्या आसपास, म्हणजे रुंदीत उडी फार मोठी नाही. खरा फरक खोलीचा. (दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. व्यास कडेपासून किती खाली मोजायचा, हे जो तो आपापलं ठरवतो.)

माझ्यासाठी निवड ठरवली ती वरच्या एफने. ट्रेबल क्लेफच्या स्वरलिपीत वाचणाऱ्यांना तोच सूर जी म्हणून लिहिलेला दिसतो. युफोनियमच्या सहाव्या पार्शलची (बोटं तीच ठेवून ओठांनी चढत जाता येणाऱ्या सुरांच्या शिडीतल्या सहाव्या पायरीची) ही जागा, म्हणजे ई फ्लॅट, ई आणि एफ, बहुतेक वाद्यांवर चढी असते, आणि नेमक्या याच सुरांवर संगीतकार लांबलचक ओळी लिहितात. ६½एएलवर मला तिथे ओठ सैल सोडून सूर खाली ओढावा लागायचा, आणि ओठ सैल सोडला की आवाजाचा गाभाच निघून जायचा. कपाचं आकारमान वाढलं की वरचे पार्शल खालच्यांपेक्षा जास्त उतरतात, त्यामुळे खोल कप या चढेपणाला थोडा लगाम घालतो. ५१डीवर तो एफ अजूनही चढाच आहे, फक्त आता ओढाताण न करता सावरता येतो. एसएम३वर तो आणखी खाली यायचा, पण त्याच्याबरोबर त्यावरचा बी फ्लॅटही माझ्या वाद्यावर उतरायला लागला. तुमच्या वाद्यावर हे गणित वेगळं निघू शकतं. म्हणून ट्यूनर समोर ठेवून, काट्याकडे न बघता सूर धरायचा आणि मग डोळे उघडायचे. काट्याकडे बघत वाजवलं तर ओठ आपोआप दुरुस्ती करतात आणि माउथपीसची खोड लपून राहते.

दुसरा मुद्दा दमाचा. युफोनियमवादक स्टीव्हन मीड यांच्या सहभागाने घडलेल्या एसएम मालिकेची रिम (ओठ टेकतात ती कड) रुंद आहे, पहिल्या स्पर्शाला उशीवर ओठ टेकल्यासारखं वाटतं. पहिला अर्धा तास स्वर्ग! पण एसएम३चा कप मोठा, त्याला हवाही जास्त लागते, आणि तालमीच्या शेवटच्या भागात माझ्या ओठांचे कोपरे सुटायला लागले की सुराची सुरुवात फुसकी यायची. रुंद रिमवर ओठ आरामात बसतात हे खरं, पण त्या आरामात लांब उड्या जड होतात. ५१डीची रिम मला जास्त नेमकी वाटते: सूर लगेच पकडतो, खालच्या बी फ्लॅटवरून वरच्या एफवर जाताना ओठांना फिरायला मोकळीक मिळते. कंडक्टर जेव्हा शेवटच्या पंधरा मिनिटांत ‘परत एकदा पहिल्यापासून’ म्हणतो, तेव्हा हा फरक मोलाचा ठरतो. नवा माउथपीस तपासायचा तर ताज्या ओठांनी नका तपासू. आधी तासभर जुन्यावर वाजवा, मग नवा लावा.

खालचं सप्तक अपेक्षेपेक्षा बरं निघालं. चौथ्या व्हॉल्व्हचे सूर भरीव येतात, पेडल बी फ्लॅट (त्या शिडीतला सगळ्यात खालचा सूर) सहज उघडतो. जोरात वाजवताना मात्र आवाजाला किंचित धार चढते, एसएम३वर तो गोलच राहायचा. मागच्या ओळीत बसून सूर भरायचे असतील तर ही धार नको वाटेल. मला ती उपयोगाची वाटते, कारण आमच्या बँडमध्ये ट्यूबा जोरकस आहेत आणि माझी ओळ त्यांत विरघळून जायची. हेही खोलीच्या दुसऱ्या टोकाला रेकॉर्डर ठेवल्यावर उमगलं. युफोनियमची घंटा वर तोंड करून असते, वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं ते समोर बसलेल्याला येतंच असं नाही. माझ्या कानाला पातळ वाटलेला ५१डी रेकॉर्डिंगमध्ये चांगला भरलेला होता.

मुलाम्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चांदी काळवंडते, पुसावी लागते. चांदीने ओठांना चुरचुरत असेल तर सोन्याचा मुलामा घ्या, तो जरा निसरडाही लागतो. थंडीत उघड्यावर वाजवणाऱ्यांसाठी प्लास्टिकचे आहेत, केलीकडे ५१डी आणि ६½एएल दोन्ही मिळतात. माउथपीस रिसीव्हरमध्ये अडकला तर पक्कड लावू नका, पुलर वापरा.

नुकतंच वाद्य हातात घेतलेल्याला मी ५१डी सुचवणार नाही. ओठांची ठेवण पक्की होईपर्यंत ६½एएल किंवा वाद्याबरोबर आलेला यामाहा ४८ पुरेसा आहे, खोल कपात नवशिक्याची हवा भसकन संपते. टेनर ट्रॉम्बोनही वाजवणाऱ्यांनी आपल्या ट्रॉम्बोनच्या रिमशी मिळतीजुळती रिम शोधावी आणि फक्त कप खोल घ्यावा. ५जीवाल्यांना ५१डीवर यायला फारसा त्रास होऊ नये. ४जीची सवय असलेल्यांनी मात्र सरळ विकच्या ४एएलपासून सुरुवात करावी.