कॅलरी मोजणारं ॲप आणि मालवणी ताट: तेरा ते अठराच्या मुलांना कितपत उपयोगी?

मोफत मिळणाऱ्या कॅलरी-ॲपची पहिली चूक जेवणाच्याही आधी होते, नाव नोंदवताना. यातली बरीच ॲप अठरा वर्षांवरच्यांसाठी असतात. चौदा वर्षांचं पोर जन्मसाल मागे ढकलतं, आत शिरतं आणि तिथून पुढे ॲप त्याला मोठं माणूस समजतं. ‘वजन कमी करायचंय’ यावर बोट ठेवलं की १२०० ते १५०० किलोकॅलरींचं लक्ष्य समोर येतं. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात १३ ते १५ वयाच्या मुलीची रोजची गरज २४०० आणि मुलाची २८६० आहे. उंची वाढत असताना एवढी तूट पडू देणं धोक्याचंच.

बीएमआयचंही, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याचंही, तसंच. १८.५ आणि २५ या रेघा मोठ्यांच्या आहेत. तेरा वर्षांच्या मुलाचा बीएमआय १७ आला तर ॲप ‘कमी वजन’ म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वयानुसार तक्त्यात तो अगदी ठीक आहे. उलट २२ आला तर ॲप ‘उत्तम’ म्हणतं, पण त्या वयाला २०.८च्या वर जादा वजन धरतात. म्हणून ॲपमधलं वजनाचं पान उघडूच नये, हे आमचं पहिलं सांगणं.

आता ताट. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं पहिल्या काही दिवसांतच नोंदी सोडून देतात, आणि त्यात आळसापेक्षा ॲपचा दोष मोठा आहे. शोधात पोळी, इडली, पिझ्झा सापडतो. घावणे, उकड्या तांदळाची पेज, सुक्या जवळ्याची चटणी सापडत नाही. मग मूल जवळपासचं काहीतरी निवडतं आणि आकडा भलतीकडे जातो. बांगड्याला ‘मॅकरेल’ निवडलं की बहुतेक वेळा अटलांटिकमधल्या वेगळ्या, जास्त चरबीच्या माशाचे आकडे येतात. भाताची चूक सर्वांत मोठी: १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३५०, तर १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३० किलोकॅलरी. दोनशे ग्रॅम भात कच्च्याच्या नावाखाली गेला तर २६०चे ७०० होतात. कोकमातही फसगत आहे. आगळात, म्हणजे कोकमाच्या दाट रसात, मीठ असतं, साखर नाही. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाकच. ॲपला दोन्ही ‘कोकम’.

फोटो काढून ओळखण्याची सोय दिसायला छान, पण सारात किती खोबरं वाटून घातलंय आणि फोडणीला किती तेल पडलंय हे कॅमेऱ्याला दिसत नाही. आमच्याकडे तर कॅलरी तिथेच असतात.

यावर उपाय आहे, आणि तोच या ॲपचा सर्वांत चांगला भाग: स्वतःची पाककृती भरण्याची सोय. कुळथाची पिठी घ्या. पीठ ४० ग्रॅम (सुमारे १३०), तेल दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम (९०), ओलं खोबरं २० ग्रॅम (७५ ते ८०). एकूण तीनशे, चार वाट्या झाल्या तर वाटीला ७५. घरातली वाटी एकदा पाण्याने मोजून घ्यावी. कुठे १२० मिलिलिटरची असते, कुठे २०० ची. रोज लागणारे दहा-बारा पदार्थ असे भरले की नोंद मिनिटाभरात होते. हे काम मुलानेच करावं, आईला किंवा आजीला ‘वाटणात किती घालतेस?’ विचारत. यात मुलं जितकी रमतात तितकी ॲपच्या बिल्ले आणि गुणांत रमत नाहीत.

नोंदही रोज नको. पंधरवड्यातून तीन दिवस पुरे, त्यातला एक रविवारचा. लक्ष्य वजनाचं न ठेवता पदार्थाचं ठेवावं: रोज दोन वाट्या भाजी, आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी, थंड पेयाची बाटली आठवड्याला एकच. २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. रात्रीच्या सूचना आणि ‘सलग इतके दिवस’वाली मोजणी बंद करावी, एक दिवस चुकला की मूल ॲपच काढून टाकतं.

पावलं मोजणारा मनगटावरचा पट्टा त्यामानाने बरा. शाळेत फोन नेता येत नाही, म्हणून फोनवरची मोजणी अर्धवट राहते. पट्ट्याला मात्र सायकल नीट कळत नाही, कारण हात हँडलवर स्थिर असतो. कबड्डी आणि पोहणं हाताने भरावं लागतं. पावलांपेक्षा मिनिटं बघा: ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. मित्रांशी चढाओढ लावू नका, तुलना स्वतःच्या मागच्या आठवड्याशी.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पावसात रेंज गेली तरी नोंद होते का? आणि खातं पालकाच्या संमतीने उघडता येतं का? २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा प्रत्येकजण मूलच आहे.

मूल जेवण टाळू लागलं, दिवसातून अनेकदा वजन करू लागलं, घरच्यांसोबत जेवायला बसेनासं झालं किंवा मुलीची पाळी चुकू लागली, तर ॲप त्याच दिवशी काढून टाका आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयांतल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीनांशी याच विषयांवर बोलतात. जाताना उंची-वजनाच्या जुन्या नोंदी सोबत न्या.