पोवई नाक्यावरच्या तत्त्वज्ञानाच्या नोट्स: ग्रीक भाग उत्तम, पुढे पेन्सिल हाताशी ठेवा

साताऱ्यात पोवई नाक्याकडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बी.ए.च्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या मराठी नोट्स मिळतात. स्पायरल बाइंडिंग, ९६ पानं, ११० रुपये, सॉक्रेटिसपासून कांटपर्यंत.

ग्रीक भागावर मेहनत दिसते. ॲरिस्टॉटलची चार कारणं एका माठावर उलगडलीत: माती उपादान, घाट आकार, कुंभार निमित्त, पाणी गार ठेवणं प्रयोजन. घोळ आहे तो प्लेटोच्या विभाजित रेषेत, म्हणजे ज्ञानाच्या चार पायऱ्या दाखवणाऱ्या रेषेत. आकृतीत चारही तुकडे सारखे काढलेत. रेषा आधी असमान कापायची, मग दोन्ही भाग पुन्हा त्याच प्रमाणात. पट्टी घ्या, ९ सेंमीची रेषा, प्रमाण १:२. आधी ३ आणि ६. मग १, २, २, ४. प्रतिमा, विश्वास, तर्क, प्रज्ञा या क्रमाने. प्रमाण कुठलंही घ्या, मधले दोन सारखेच येतात. नोट्समधल्या आकृतीत ही गंमतच मारली गेली.

‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे वाक्य देकार्तच्या १६४१च्या ‘मेडिटेशन्स’मधलं म्हणून छापलंय. ते १६३७च्या ‘डिस्कोर्स’मध्ये आलं. ‘मेडिटेशन्स’मध्ये ‘म्हणून’ नाहीच, तिथे ‘मी आहे’ एवढंच. ‘म्हणून’ पाहून मुलं त्याचं संवाक्य (दोन विधानांवरून निष्कर्ष काढणारी मांडणी) मांडत बसतात, आणि देकार्तने नेमकं तेच नाकारलं होतं.

‘ह्यूम कार्यकारणभाव नाकारतो’ ही एक ओळ तर खोडूनच टाका. त्याचं उदाहरण बिलियर्डचं, आपण कॅरम घेऊ. स्ट्रायकर लागला, सोंगटी सरकली, एवढंच दिसतं. ती ‘सरकायलाच हवी’ ही सक्ती डोळ्यांना दिसत नाही. पुन्हा पुन्हा पाहून मनाला लागलेली ती सवय, असं त्याचं म्हणणं.

खरा तोटा कांटमध्ये. तक्त्यात शीर्षकांची अदलाबदल झालीय, त्यामुळे ‘७ + ५ = १२’ विश्लेषक विधानांत, म्हणजे जिथे उत्तर संकल्पनेतच दडलेलं असतं अशा विधानांत, जाऊन बसलंय. कांटच्या मते ‘७ आणि ५ची बेरीज’ या संकल्पनेत १२ आधीपासून नसतात, म्हणून विधान संश्लेषक. आणि अनुभवावर अवलंबून नाही, म्हणून अनुभवपूर्व. हेच चुकलं तर त्याच्या १७८१च्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मधला मुख्य प्रश्न, अशी संश्लेषक तरीही अनुभवपूर्व विधानं शक्य कशी होतात, उभाच राहत नाही. शिवाय एका पानावर ‘अनुभवपूर्व’, दुसऱ्यावर ‘प्रागनुभविक’. दोन्ही एकच, हे कुठे सांगितलेलं नाही. आपल्या वाईच्या मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन फुकट वाचता येतात, संज्ञा तिथे ताडून घ्या.

ग्रीक भागाची पहिली ४० पानं सुटी मागितली तर दुकानदार देतो. तेवढीच घ्या.