पावसात दार घासतंय म्हणून कोणी नवीन दार गळ्यात मारत असेल तर आधी हे वाचा

आमचं गाव गुहागर तालुक्यात, घर जांभ्याचं, कौलारू, आणि तिथे आई एकटीच असते. मी नोकरीला मुंबईत. जुलैमध्ये फोनवर म्हणाली माजघराचं दार लागत नाही, खांद्याने ढकलावं लागतं. मी म्हटलं पावसात लाकूड फुगतंच, दिवाळीपर्यंत राहू दे. तिथेच विषय सोडला, आणि त्याचंच आता वाईट वाटतंय.

आठवड्याने एक माणूस दारात आला, फर्निचरची कामं करतो म्हणाला. मावशी मावशी करत आत शिरला, चहा घेतला, चौकटीखालचा भुसा बोटावर घेऊन दाखवला आणि म्हणाला, मावशी ही वाळवी, दार गेलंय तुमचं, आता चौकटीत घुसली की कौलांपर्यंत जाईल. आई घाबरली. मला फोन लागला नाही (पावसात आमच्याकडे रेंजची बोंबच असते) आणि तिने हो म्हटलं. १४,५०० रुपये. "वॉटरप्रूफ सागवानी" दार म्हणून सांगितलं, बिल नाही, साधी चिठ्ठीसुद्धा नाही. वर म्हणे जुनं दार मी फुकटात उचलून नेतो, तुम्हाला टाकायचा त्रास नको.

मी गणपतीला घरी गेलो तर नवीन दारसुद्धा लागत नव्हतं!! तेही कडीकडच्या वरच्या कोपऱ्यातच घासत होतं, अगदी जुनं जिथे घासायचं तिथेच, आणि खालची कड तर भाकरीसारखी फुगलेली.

मग वाडीतल्या म्हाताऱ्या सुतारांना बोलावलं, आम्ही तात्या म्हणतो. त्यांनी दार अर्धं उघडलं आणि कडीला धरून वर उचललं तर वरची बिजागरी चौकटीपासून हलत होती. स्क्रूची भोकं सैल झालेली, म्हणून दार पुढे ओघळतं आणि वरचा कोपरा चौकटीला टेकतो, एवढंच. त्या माणसाने नवीन दार त्याच सैल भोकांत टांगलं होतं. तात्यांनी भोकांत फेविकॉल लावून लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, लांब स्क्रू मारले, दार नीट लागलं. तासाभराचं काम, दीडशे रुपये घेतले, तेही आईने हातात कोंबले म्हणून.

वाळवीचं विचारलं तर तात्या म्हणाले जमिनीतून येणारी वाळवी असती तर भिंतीवरून मातीच्या रेघा चढल्या असत्या, ती असा भुसा पाडत नाही. चौकटीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून दाखवलं, सगळीकडे टणक आवाज. भुसा दार घासून पडलेला. आणि नवीन दाराची खालची कड बघून म्हणाले हे सागवान नाही रे, साधा कमर्शिअल प्लाय आहे, वरून सनमायका, कडा उघड्याच ठेवल्यात, खालून पाणी पितंय. प्लायवर आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) असा शिक्का असेल तर तो मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, आयएस ३०३ असेल तर सर्वसाधारण वापराचा, पण ह्याच्यावर कुठलाच शिक्का नाही. तसं चांगल्या लाकडाच्या दाराचीसुद्धा वरची आणि खालची कड कोणी रंगवत नाही कारण ती दिसत नाही, आणि दमट हवा तिथूनच आत शिरते. आपल्याकडे चार महिने हवा ओलीच, त्या दोन कडांना वॉर्निश मारून घ्याच. आणि भर पावसात दाराला रंधा मारू देऊ नका, लाकूड आडवं फुगतं आणि सुकलं की परत आकसतं, मग उन्हाळ्यात बोटभर फट राहते.

पैशाचं मला एवढं नाही वाटत. माझ्या आजोबांनी केलेलं जुन्या सागाचं दार होतं ते, दीड इंच जाड, आणि त्या माणसाला ते दारच न्यायचं होतं हे मला तात्या बोलल्यावर कळलं. असं जुनं लाकूड हल्ली होमस्टेवाले शोधत असतात म्हणाले, तुझ्या नव्या दारापेक्षा जास्त पैसे येतील. आई ते ऐकून आत निघून गेली, जेवलीसुद्धा नाही.

पोलिसात जायचं तर हातात काय आहे, पैसे रोख दिलेले, नंबर बंद.

चिपळूण-गुहागरकडे जुन्या फर्निचरच्या दुकानात कोणाला सागवानी एकपाखी दार दिसलं, पितळेची गोल कडी, मधल्या पट्टीवर कमळ कोरलेलं आणि खाली डाव्या कोपऱ्यात मांजरासाठी कापलेलं भोक, तर कृपा करून मला कळवा. दुकानदार सांगेल त्या किमतीला परत घेईन.