शिव्हर्स की द बे? परजीवी भयपट एकच बघायचा असेल तर

कमी पैशांतल्या भयपटवाल्यांना परजीवी एवढा का आवडतो, याचं कारण सरळ हिशेबाचं आहे. राक्षस उभा करावाच लागत नाही, तो पोटात असतो. नटाने पोट धरायचं, घाम पुसायचा, बेसिनवर वाकायचं. पुढचं काम बघणाऱ्याची शिसारी करते. शिवाय भुतांवर विश्वास नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, जंतांवर विश्वास नाही असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

या प्रकारातला एकच सिनेमा बघायचा तर कुठला, असं कोणी विचारलं की माझ्याकडे दोन नावं असतात. डेव्हिड क्रोनेनबर्गचा १९७५ चा 'शिव्हर्स' आणि बॅरी लेव्हिन्सनचा २०१२ चा 'द बे'. दोन्ही दीड तासाच्या आत संपतात. दोन्ही मी एकाहून जास्त वेळा पाहिलेत, त्यामुळे थोडा पक्षपात होईल.

आधी 'द बे', कारण त्याची बाजू मांडायला सोपी आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराकाठचं एक काल्पनिक गाव, ४ जुलैचा उत्सव, आणि कोंबड्यांच्या फार्ममधली घाण पाण्यात मिसळल्यामुळे बेसुमार वाढलेले किडे. सगळी गोष्ट फोन, हँडीकॅम, पोलिसांच्या गाडीतला कॅमेरा असल्या तुकड्यांतून जुळवलेली. लेव्हिन्सन म्हणजे 'रेन मॅन'साठी ऑस्कर मिळालेला दिग्दर्शक. या उपसागराच्या प्रदूषणावर माहितीपट करायची विचारणा त्याच्याकडे झाली होती, त्यातून हा भयपट निघाला. मूळ किडा खरा आहे, ही याची मोठी ताकद. तो कल्ल्यांतून माशाच्या तोंडात शिरतो, जिभेचं रक्त पितो, जीभ झडून जाते आणि मग हा स्वतःच जिभेच्या जागी बसून राहतो. माणसावर हल्ला वगैरे भाग सिनेमाचा. पण याच कुळातले किडे आपल्या किनाऱ्यावरच्या माशांतही सापडतात. खाणाऱ्याला त्यांचा अपाय नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही सिनेमा पाहिल्यानंतरच्या रविवारी मी कोळणीला सुरमईचं डोकं काढूनच द्यायला सांगितलं. ओहोटीच्या वेळी कळव्याच्या पुलावरून ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे, त्यांना खाडीत काय काय वाढत असेल हा विचार नवा नाही. 'द बे' नेमका तिथे बोट ठेवतो.

आता 'शिव्हर्स'. खर्च दोन लाख कॅनेडियन डॉलरच्याही आत, चित्रीकरण जेमतेम पंधरवड्याचं. माँट्रियलजवळच्या बेटावर एक नवा टॉवर, आणि सुरुवातच मुळी फ्लॅट विकणाऱ्या स्लाइड शोने. दवाखाना आत, दुकान आत, स्विमिंग पूल आत, बाहेर पडायची गरजच नाही. घोडबंदर रोडवर ज्याने कधी सॅम्पल फ्लॅट पाहिलाय, त्याला हा आवाज लगेच ओळखू येईल. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या होर्डिंगवर तो अजूनही बोलतोच आहे. गोष्टीतला एक संशोधक डॉक्टर, निकामी अवयवाची जागा घेईल असा परजीवी तयार करतोय म्हणून सांगतो. त्याला खरं म्हणजे, फार विचार करणारी माणसं पुन्हा शरीराच्या ताब्यात द्यायची असतात. मग तो परजीवी वासनेच्या वाटेने एका फ्लॅटमधून दुसऱ्या फ्लॅटमध्ये जातो. सरकारी चित्रपट महामंडळाचा पैसा लागलेला, म्हणून कॅनडात गदारोळ झाला, थेट संसदेपर्यंत.

यात उणिवा भरपूर. अभिनय लाकडी. टॉवरच्या दवाखान्यातला डॉक्टर असलेला नायक तर असा शांत, की इमारत बुडाली तरी तो प्रिस्क्रिप्शनच लिहीत बसेल. जमिनीवरून सरपटणारा किडा म्हणजे दोरीने ओढलेलं रबर वाटतं. जबरदस्तीचे प्रसंग आहेत, त्यातले काही आज खरोखर खटकतात. हॉलमध्ये सगळ्यांसोबत बसून बघण्यासारखा तर तो नाहीच.

तरी पण. पोटाच्या कातडीखाली काहीतरी सरकताना दिसतं तो प्रसंग अजूनही अंगावर येतो, आणि लक्षात ठेवा, माणसाची छाती फोडून बाहेर येणाऱ्या प्राण्यासाठी गाजलेला 'एलियन' त्यानंतर चार वर्षांनी आला. बाथटबच्या नळीतून जे वर येतं त्याबद्दल मी काही सांगत नाही. जुलैमध्ये मोरीच्या जाळीतून आमच्याकडे काय काय वर येतं ते मी पाहिलंय, त्यामुळे त्या प्रसंगाला मला फारशा अभिनयाची गरज पडली नाही.

माझ्यापुरता निकाल लागला तो एका वेगळ्याच कटकटीवर. 'द बे'मध्ये एक तरुण वार्ताहर आहे. त्या दिवशी ती गावात होती, आणि आता काही वर्षांनी कॅमेऱ्यासमोर बसून सगळं सांगते. सांगते, सांगते आणि सांगतच राहते. पाण्यावर संशोधन करणारे दोघे पडद्यावर काम करत असतात, पण त्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. दवाखान्यात रांग वाढतेय, डॉक्टर गोंधळलाय, आता भीती चढायला लागली म्हणावं, तर हिचा आवाज येतो आणि आपण पुन्हा बातमी ऐकायला बसतो. त्यात भर म्हणजे, जे तुकडे सापडले तसे दाखवलेत असं भासवायचं आहे, त्यांच्यावर पार्श्वसंगीत. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याला वाद्यवृंद कुठून मिळाला? बायको वैतागून म्हणाली, "अरे, हिला जरा गप्प बसायला सांग, म्हणजे मला घाबरता येईल." काहींना हे निवेदन आवडतंही, गोष्ट नीट कळते म्हणतात. असेल. माझ्यासाठी मात्र तिथे सिनेमा हातातून निसटला.

'शिव्हर्स' समजावण्याच्या फंदात फारसा पडत नाही. एक माणूस बाल्कनीतून वाकून ओकतो, खालून जाणाऱ्या आजीबाईंच्या छत्रीवर काहीतरी थपकन पडतं, आणि सिनेमा पुढच्या फ्लॅटकडे वळतो.

या प्रकाराची मर्यादा मात्र त्यालाही चुकलेली नाही. परजीवी अंगात असेपर्यंत गंमत. सगळ्यांनाच लागण झाली की शेवटचा अर्धा तास दारं बडवणाऱ्या गर्दीचा होतो, मग किडा असला काय आणि नसला काय. पैसे ओतूनही हे सुटत नाही. २००६ चा 'स्लिदर' सुमारे दीड कोटी डॉलरचा, चांगला विनोदी आहे, तिकीटबारीवर खर्चही निघाला नाही. त्यात किडे हजारोंनी आहेत आणि मला तरी एकदाही खाज सुटली नाही.

घरचे सोबत असतील, किंवा जुन्या सिनेमांचा संथपणा झेपत नसेल, तर 'द बे' लावा. वाईट नाही तो. एकटे असाल, हेडफोन असेल आणि पहिली वीस मिनिटं लाकडी संवाद सोसायची तयारी असेल, तर 'शिव्हर्स'. दोन्ही बघायचेच असतील तर 'द बे' आधी उरकून घ्या. उलट क्रमाने बघितलंत तर त्या वार्ताहर बाई आणखीच लांबतात.