प्रौढांसाठीचा ऑनलाइन बॅले वर्ग : सगळा भार उपमांवर

लंडनमधील एक शिक्षिका प्रौढ नवशिक्यांसाठी झूमवर बॅलेचा वर्ग घेतात. तासाची रचना रूढ पद्धतीचीच आहे: आधी बार (आधाराचा आडवा दांडा) धरून, म्हणजे घरी खुर्चीची पाठ धरून, प्लिए (गुडघे वाकवून पुन्हा सरळ होणे), तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणे), फाँद्यू (एका पायावर सावकाश वाकून उठणे), फ्रापे (पाऊल झटक्यात बाहेर फेकणे), आणि मग आधार सोडून हातांच्या हालचाली व छोट्या उड्या. पडद्यापलीकडून विद्यार्थ्याचा गुडघा किंवा खांदा हाताने जागेवर आणता येत नसल्यामुळे बाईंची बरीचशी भिस्त उपमांवर आहे, आणि या वर्गाचे मोल ठरवायचे तर त्या उपमांवरूनच ठरवावे लागेल.

त्यांच्या उत्तम उपमा हालचाल कशी दिसावी हे सांगत नाहीत. जोर किती, दिशा कोणती आणि वेग कसा, हे सांगतात. फ्रापेमध्ये पाऊल घोट्याजवळून सुटून जमिनीला घासत बाहेर जाते, तेव्हा बाई काडेपेटीवर काडी ओढायला सांगतात, आणि घर्षण, झटका व लगेच थांबणे हे तिन्ही एकदम कळते. बाजूला धरलेल्या हाताबद्दल त्या म्हणतात की खांद्यावर पडलेला पाण्याचा थेंब कोपर आणि मनगटावरून ओघळत करंगळीच्या टोकाशी पोहोचला पाहिजे. एवढ्याने हाताचा हलका उतार साधतो आणि कोपर लोंबत नाही. स्नायूंची नावे घेऊन हेच सांगितले असते तर नवशिक्याचा हात आखडला असता.

भरतनाट्यम शिकलेल्यांना प्लिएचा भाग विशेष उपयोगी वाटेल. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यममधल्या अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर वळवून त्या ठेवणीत टिकून राहायचे असते. प्लिए मात्र थांबण्याची जागा नसून खाली जाऊन वर येण्याची अखंड वाट आहे, त्यामुळे अरमंडीची सवय असलेले शरीर प्लिएच्या तळाशी नकळत मुक्काम करते. बाई येथे पाण्यात दाबून धरलेल्या चेंडूची उपमा देतात. खाली जातानाच वर येण्याची ओढ वाढत गेली पाहिजे, हे त्यातून नेमके पोहोचते, आणि पुढे उड्यांमध्ये त्याचा फायदा दिसतो.

डोक्याला बांधलेल्या दोऱ्याची सर्वपरिचित उपमा मात्र मला अपुरी वाटली. कोणी तरी वर ओढत आहे एवढेच ऐकले की अनेक जण हनुवटी उचलतात, छाती पुढे काढतात आणि कमरेत बाक आणतात. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या कलाविद्यालयात पूर्वी शिकवत असलेल्या लुलू स्वायगार्ड यांनी कल्पनेतून शरीराची ठेवण सुधारण्यासाठी ज्या नऊ रेषा मांडल्या, त्यांत धडाचा अक्ष वर लांबवण्याबरोबरच पाठीचा कणा खाली लांबवणे आणि बरगड्यांचा पिंजरा अरुंद करणे याही आहेत. दोऱ्याला असा खालचा ताण जोडून दिला, तर हा दोष बराच कमी होईल.

शेवटी ‘स्वान लेक’ या बॅलेमधील हंसिनींच्या हातांचा छोटासा पाठ असतो. १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगासाठी लेव्ह इव्हानोव यांनी बसवलेल्या तळ्याकाठच्या प्रवेशांपासून हे हात बॅलेची ओळखच बनले आहेत. ‘पंख’ म्हटले की नवशिके मनगटे फडफडवू लागतात. खरे तर हालचाल पाठीत, खांद्याच्या फऱ्यांपाशी उगम पावते, कोपर पुढाकार घेतो आणि बोटे सर्वांत शेवटी पोहोचतात. बाईंनी पंखाऐवजी भिजलेल्या जड चादरीची उपमा दिली, ती दिसायला काव्यात्म नाही, पण हा क्रम तिच्यात आपोआप सांभाळला जातो.

वर्गाचा कमकुवत भाग म्हणजे दुरुस्ती. उपमा ऐकून विद्यार्थ्याने तिचे काय केले, हे पाहायला बाईंना फार कमी वेळ मिळतो, आणि पायांचे बाहेर वळणे मांडीच्या सांध्यातून होते आहे की गुडघ्याला पीळ पडतो आहे, हे समोरच्या कॅमेऱ्यातून नीट कळत नाही. गुडघ्यांची जुनी दुखणी असलेल्यांनी म्हणून प्रत्यक्ष वर्गच निवडावा. इतरांनी नाव जरूर नोंदवावे, मात्र हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीऐवजी ओट्याची कड धरावी आणि कॅमेरा पावलांसकट पूर्ण शरीर दिसेल इतका लांब ठेवावा.