शिरीष की करंज? आधी शेंगा वाजवून बघा

सावलीसाठी शेंगावर्गातलं झाड निवडताना लोक फुलं बघतात, वाढीचा वेग विचारतात, घेराचा अंदाज घेतात. शेंगांचं कुणी विचारत नाही. फुलं काही आठवडे टिकतात. शेंगा मात्र वर्षातले कितीतरी महिने डोक्यावर नाहीतर पायाखाली असतात. मलाही हे उशिरा कळलं.

गुलमोहराचा विचार मी फार केला नाही. अर्धा मीटर लांबीच्या, लाकडासारख्या टणक शेंगा कुठल्याही वाऱ्यात छपरावर आदळणार, हे दिसत होतं. राहिले दोघे, शिरीष आणि करंज.

बियांपुरतं बघायचं तर शिरीष मला आजही जास्त देखणा वाटतो. वाळक्या गवताच्या रंगाची, कागदासारखी पातळ, चपटी शेंग. वीतभर लांब, आणि आत सहा ते बारा बिया. बी जिथे असतं तिथे शेंग किंचित फुगलेली, त्यामुळे न उघडताही मोजता येतात. बी हातावर घेतलं तर दोन्ही अंगांवर घोड्याच्या नालेसारखी बारीक रेघ दिसते. कवच इतकं पक्कं की नुसतं पाण्यात भिजवलं तर बऱ्याच बिया जशाच्या तशा राहतात. गरम पाणी ओतून रात्रभर ठेवलं की नाभीजवळचा, म्हणजे बी शेंगेला जोडलेलं होतं त्या जागेजवळचा, एक बारीकसा ठिपका उघडतो, तिथून पाणी शिरतं आणि सकाळी बिया टम्म फुगलेल्या असतात. एकही न फुगलेली बी मी कुंडीत टाकत नाही. हेच कवच बियांना वर्षानुवर्षं जिवंत ठेवतं. डब्यात विसरलेल्या बियाही माझ्याकडे उगवल्या आहेत.

मग मी शिरीष का लावला नाही? आवाजामुळे.

पूर्वी राहायचो त्या घराच्या खिडकीबाहेर एक मोठा शिरीष होता. पानगळीत झाड उघडं पडतं, पण शेंगा गळत नाहीत. त्या वाळतात, बिया आतल्या आत सुट्या होतात आणि झाडभर हजारो खुळखुळे टांगल्यासारखे होतात. पहिले दोन दिवस मला ते छान वाटलं. पावसाची सर आल्यासारखा भास व्हायचा, मी उठून कपडे आत आणायचो. पुढे तोच आवाज दिवसरात्र, महिनोन्‌महिने. वारा थांबला की थांबतो, आपल्याला झोप लागत आली की पुन्हा सुरू. आणि हे सगळं नेमकं त्या दिवसांत, जेव्हा उकाड्यामुळे खिडकी बंद करणं शक्य नसतं आणि झाडाला पानं नसल्यामुळे सावलीही नसते! काहींना हा आवाज आवडतो, मला माहीत आहे. माझी झोप मुळात सावध, हेही खरं.

करंजाची शेंग आवाज करत नाही. ती आखूड, जाड, टोकाशी चोच असलेली, बदामाच्या आकाराची. आत बहुधा एकच बी, क्वचित दोन. शेंग झाडावर तडकत नाही, मिटलेलीच खाली पडते. पाण्यावर तरंगते, म्हणून नदी-ओढ्याच्या काठाने करंज आपोआप पसरलेले दिसतात. बी तांबूस, सुरकुतलेलं, तेलाने भरलेलं. वजनाचा तिसरा हिस्सा तेल धरायला हरकत नाही. इथे गरम पाण्याची भानगड नाही. ताजं बी ओल्या मातीत गेलं की साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतो. मात्र ते टिकत नाही. तेल खवट होतं, आणि वर्षभर ठेवलेल्या बियांवर मी तरी विसंबणार नाही.

करंजाचा त्रास नाही असं नाही. पानांवर कीडगाठी येतात, झाड अधूनमधून देवी आल्यासारखं दिसतं. फरशीवर पडलेल्या शेंगा चालताना पायाखाली येतात, फुटल्या तर तेलकट वास सुटतो. झाडाखाली रोपांची गर्दी होते, ती उपटावी लागते. पण झाडू मारून हा प्रश्न सुटतो. आवाज झाडून काढता येत नाही.

झाड घरापासून लांब, बांधावर लावायचं असेल आणि शेळ्या-गुरं असतील, तर मी शिरीषच सुचवेन. त्याचा पाला आणि शेंगा जनावरं आवडीने खातात, करंजाच्या कडू बियांना तोंडही लावत नाहीत. बिया साठवून सवडीने रोपं करायची असतील तरी शिरीषच सोयीचा.

झोपायच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर लावायचं असेल, तर माझा कल उघड आहे. मी करंज लावला, फरशीपासून चार-पाच मीटर आत, मातीच्या बाजूला. खाली शेंगा पडतात त्या तिथेच राहू देतो, आणि ओळखीच्या कुणाला रोप हवं असेल तर तिथूनच उपटून देतो.