आरमधली काय-स्क्वेअर चाचणी: गणित चोख, बोलणं तुटक

धूम्रपान आणि हृदयविकार यांचा संबंध तपासायला आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) उघडलं की सगळे आधी काय-स्क्वेअरकडेच वळतात. दोन गोष्टींचा दिसणारा संबंध निव्वळ योगायोग असू शकतो का, हे ही चाचणी तपासते. फुकट आहे, झटपट आहे. पण एका जागी हमखास गफलत होते.

समजा, धूम्रपान करणाऱ्या 100 जणांपैकी 38 जणांना हृदयविकार आहे आणि न करणाऱ्या 100 पैकी 25 जणांना. आर काय-स्क्वेअर 3.34 आणि पी (संबंध नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.068 दाखवतं. हेच आकडे एक्सेलला दिले तर पी 0.048. पी 0.05 च्या खाली असला की संबंध 'सिग्निफिकंट' मानायची प्रथा आहे. म्हणजे एक्सेलमध्ये संबंध 'सिग्निफिकंट', आरमध्ये नाही! चूक कुणाचीच नाही. दोन बाय दोनच्या तक्त्यावर आर न विचारता येट्सची दुरुस्ती (फरक थोडा कमी धरणारी) लावतं, एक्सेल लावत नाही. 'करेक्ट' हा पर्याय 'फॉल्स' केला की आरही 3.92 देतं. कोणता आकडा घेतला ते अहवालात लिहा, आणि हे चाचणी चालवण्याआधी ठरवा. निकाल बघून नव्हे.

एक्सेलमध्ये अपेक्षित संख्या (संबंध नसता तर तक्त्यात आल्या असत्या त्या; इथे 31.5 आणि 68.5) स्वतः मांडाव्या लागतात. आर त्या स्वतःच काढतं आणि एखादी 5 च्या खाली गेली की इशारा देतं. तेव्हा फिशरची चाचणी (लहान संख्यांसाठीची) वापरावी. ही सोय मात्र उत्तम.

दुसरा सापळा जास्त वाईट. चार आकडे मॅट्रिक्स (ओळी-रकान्यांचा तक्ता) न करता नुसते ओळीने दिले, तर आर मुकाट्याने भलतीच चाचणी करतं: चारही गट सारखेच आहेत का? उत्तर 30.76, डिग्री ऑफ फ्रीडम (किती आकडे मोकळेपणी बदलू शकतात ती संख्या) 3. दोन बाय दोनमध्ये ती 1 च हवी, तेव्हा पी-व्हॅल्यूआधी नजर तिथे जाऊ द्या.

खरी उणीव वेगळीच. संबंध किती घट्ट आहे, हे आरचं काय-स्क्वेअर फंक्शन सांगतच नाही. ऑड्स रेशो (प्रत्येक गटात आजारी भागिले निरोगी, आणि त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर) हाताने काढा: 38 गुणिले 75, भागिले 62 गुणिले 25, म्हणजे 1.84, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा रेशो ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज) साधारण 1.00 ते 3.37. फिशरचं फंक्शन रेशो देतं, पण वेगळ्या पद्धतीने काढतं, त्यामुळे किंचित फरक दिसेल.

दोन्ही गटांच्या वयातल्या फरकामुळे गोंधळ होत असेल तर मँटेल-हेन्झेल किंवा लॉजिस्टिक रिग्रेशन घ्या; या पद्धती वयाचा परिणाम वेगळा काढतात. रुग्ण आणि कंट्रोल जोडीजोडीने निवडले असतील तर मॅकनेमर (जोड्यांसाठीची चाचणी). तिथे काय-स्क्वेअरचं फंक्शन चालवूच नये.